अध्याहृत कर्ता : फिनिश भाषेंतील एका प्रयोगाची ओळख

विद्यार्थिदशेंत व्याकरणाच्या तासाला ज्या प्रश्नानें आपणां सर्वांस कमीअधिक छळलें असेल, तो प्रश्न म्हणजे "प्रयोग ओळखा" हा होय. कर्त्याप्रमाणें क्रियापद फिरलें कीं कर्तरी, कर्माप्रमाणें फिरलें कीं कर्मणी, आणि कोणाचेंच न ऐकतां तें नपुंसकलिंगी एकवचनांत अढळ बसून राहिलें कीं भावे, असें कोष्टक पाठ करून आपण सुटलों. घरांतील मुलें आजहि तेंच कोष्टक पाठ करीत असतात. परंतु ह्यांपैकीं तिसरा जो भावे प्रयोग, तो शाळेंतल्या इंग्रजी व्याकरणांत कोठेंच सांपडत नाहीं. त्यामुळें संस्कृत-मराठीवाल्यांनीं उगाच वाढवून ठेवलेली ही एक अडचण आहे, असा इंग्रजी शिकलेल्या पुष्कळांचा ग्रह होऊन बसतो. हा ग्रह दूर करण्याकरितां आज आम्ही वाचकांस बऱ्याच दूरच्या प्रदेशांत नेणार आहों. तो प्रदेश म्हणजे युरोपच्या उत्तर टोंकाचें फिनलंड. तेथील लोकांचें रोजचें बोलणें आपल्या भावे प्रयोगाच्या एका दूरच्या सोबत्यावांचून एक दिवसहि चालणार नाहीं.

प्रथम भाषेची थोडी ओळख करून घेऊं. फिनलंडची लोकसंख्या सुमारें छप्पन लाख, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या शहराहूनहि कमी. त्यांतील बहुसंख्य लोकांची मातृभाषा फिनिश; स्वीडिश ही दुसरी राष्ट्रीय भाषा. गंमतीची गोष्ट अशी कीं, शेजारची स्वीडिश आणि पलीकडची रशियन ह्या दोन्ही भाषा आपल्या मराठीच्या दूरच्या नात्यांतल्या, कारण त्या सर्व एकाच आर्य-युरोपीय कुळांतल्या आहेत; पण फिनिश मात्र त्या कुळांतली नव्हे. तिचें कूळ उरालिक. एस्टोनियन ही तिची सख्खी बहीण म्हणावी अशी, आणि हंगेरियन ही फार दूरची चुलत बहीण. फिनिशमध्यें नामांना लिंग नाहीं. "तो" आणि "ती" ह्या दोहोंस मिळून "हॅन" हा एकच शब्द आहे. उलट, नामाच्या विभक्ति मात्र पंधरा मोजतात! आपल्या आठ विभक्तींनीं कंटाळणाऱ्या मुलांस ही संख्या अवश्य ऐकवावी.

ह्या भाषेनें दिवसहि पुष्कळ पाहिले. इ. स. १८०९ पर्यंत कित्येक शतकें तो देश स्वीडनच्या अंमलाखालीं होता, आणि पुढें १९१७ च्या ६ डिसेंबरला स्वातंत्र्य जाहीर होईपर्यंत रशियाच्या. कचेरी, न्यायालय, विद्यापीठ ह्या सर्व ठिकाणीं स्वीडिशचा बोलबाला. फिनिश राहिली शेतकऱ्याच्या घरीं व प्रार्थनामंदिरांत. मिकाएल आग्रिकोला ह्या धर्मपंडितानें १५४८ मध्यें बायबलचा नवा करार फिनिशमध्यें छापून ग्रंथभाषेचा पाया घातला. परंतु सरकारदरबारीं ह्या भाषेला हक्क मिळण्यास १८६३ सालची रशियन बादशहाची आज्ञा निघावी लागली. अशा परिस्थितींत भाषेचें व्याकरण हें देशाभिमानाचेंच एक अंग बनावें ह्यांत नवल नाहीं. एमिल नेस्तोर सेटॅलॅ ह्यांनीं अवघ्या सोळाव्या वर्षीं, म्हणजे १८८० मध्यें, फिनिश वाक्यरचनेवर पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि तेंच पुढें शाळाशाळांतून चाललें. स्वातंत्र्याच्या घोषणापत्राचा मसुदाहि ह्याच गृहस्थांच्या हातचा मानला जातो. व्याकरणकारानें राष्ट्राचा जन्मलेख लिहावा, असा योग जगांत विरळाच!

आतां मूळ विषयाकडे वळूं. "बोलणें" ह्याला फिनिशमध्यें "पुहुआ" म्हणतात. त्याचीं वर्तमानकाळीं सहा रूपें होतात, तीं अशीं : मी बोलतों – पुहुन, तूं बोलतोस – पुहुत, तो किंवा ती बोलते – पुहू, आम्ही बोलतों – पुहुम्मे, तुम्ही बोलतां – पुहुत्ते, ते बोलतात – पुहुवात. तीन पुरुष आणि दोन वचनें मिळून सहाच रूपें व्हावयाचीं, आणि हिशेब येथेंच संपावयास हवा. पण फिनिश मुलाच्या कोष्टकांत ह्यांच्या खालीं आणखी एक सातवें रूप असतें : "पुहुतान". ह्याचा अर्थ कोणी तरी बोलतें, लोक बोलतात, बोललें जातें. बोलणारा एक कीं अनेक, पुरुष कीं स्त्री, हें कांहींएक सांगावयाचें नाहीं. भूतकाळीं "पुहुत्तीन", संकेतार्थीं "पुहुत्ताइसीन", आणि नकार करावयाचा असल्यास "एइ पुहुता". तेथील व्याकरणें ह्यास पाश्चात्य परंपरेस अनुसरून पॅसिव्ह हेंच नांव देतात. परंतु ह्याचें सारें वागणें पाहिलें म्हणजे हें नांव त्यास पुरतेंपणीं शोभत नाहीं असें पुष्कळ पंडितांस वाटतें. कोणी त्यास "चौथा पुरुष" म्हणतात. इ. स. २००४ मध्यें निघालेल्या फिनिशच्या बृहद्‌व्याकरणांत त्यास "एकपुरुषी" असें विशेषण लावलें आहे.

हें नांव कां शोभत नाहीं तें पाहूं. "तालो" म्हणजे घर. "तालो राकेन्नेत्तीन" म्हणजे घर बांधलें गेलें. येथवर तर हा सरळ कर्मणी वाटतो. आतां पुष्कळ घरें घ्या. घराचें अनेकवचन "तालोत" असें होतें. पण वाक्य होतें "तालोत राकेन्नेत्तीन". क्रियापद तसूभर हललें नाहीं! मराठी कर्मणी प्रयोगांत "घर बांधलें" आणि "घरें बांधलीं" असा फरक अवश्य पडतो. फिनिश क्रियापद मात्र कर्माचें वचन विचारीतच नाहीं. ह्याहून निर्णायक पुरावा सर्वनामांत मिळतो. "हॅन" म्हणजे तो. कर्म झाल्यावर त्याचें "हॅनेत" म्हणजे त्याला, असें होतें. "त्याला इस्पितळांत नेलें" हें फिनिशमध्यें "हॅनेत विएतीन साइरालान" असें म्हणावयाचें. येथें "हॅनेत" हें स्पष्टपणें द्वितीयेंतच आहे. इंग्रजीच्या पद्धतीप्रमाणें कर्मानें उठून कर्त्याच्या पाटावर बसावयाचें, तसें येथें झालेंच नाहीं. कर्म आपल्या जागीं कर्म म्हणूनच राहिलें, कर्त्याचा पाट रिकामा राहिला, आणि क्रियापद कोणाकडेच न पाहतां स्थिर राहिलें. "त्याला नेलें", "मुलांना बोलावलें", "तिला विचारलें" हीं आपलीं वाक्यें शेजारीं ठेवून पहा. ह्यांत आणि फिनिश वाक्यांत पुष्कळच साम्य आहे कीं नाहीं?

आणखी एक साम्य. संस्कृतांत अकर्मक धातूंपासून भावे प्रयोग होतो, हें पाणिनीनें सांगून ठेवलेंच आहे. झोपणें, बसणें ह्या क्रियांना कर्मच नाहीं, म्हणून कर्मणी शक्य नाहीं. तेथें केवळ क्रियेचा भाव सांगावयाचा. फिनिशचीहि तीच रीत आहे. "झोपणें" ह्यापासून "नुकुतान", "येणें" ह्यापासून "तुल्लान", "जाणें" ह्यापासून "मेन्नॅन" अशीं रूपें बिनदिक्कत होतात. इतकेंच काय, "साउना" हा जो त्यांच्या बाष्पस्नानगृहाचा शब्द जगभर गेला, त्यापासूनहि क्रियापद करून "युहान्नुक्सेना साउनोतान" असें ते म्हणतात. अर्थ हा कीं, जूनमधील मोठ्या सणाला लोक बाष्पस्नान करतात. कोणत्याच नात्यानें न बांधलेल्या दोन कुळांतील भाषांस एकच युक्ति सुचावी, ह्यावरून ती युक्ति मनुष्याच्या कांहीं खऱ्या गरजेंतून निघाली असली पाहिजे असें अनुमान काढण्यास हरकत नाहीं.

परंतु साम्य दाखवून थांबणें हें अर्धवट काम होय. भेदहि पाहिला पाहिजे. मराठींत भावे प्रयोग केला तरी कर्ता सांगण्याची मुभा असते. "रामानें त्याला नेलें" असें आपण खुशाल म्हणतों. फिनिशमध्यें ही मुभा नाहीं. "पुहुतान" ह्या रूपाबरोबर अमक्यानें, अमक्याकडून असें जोडण्याची सोयच मूळ भाषेंत नाहीं. सरकारी लेखनांत "तोइमेस्ता" असा एक शब्द लावून ती आणण्याचा प्रयत्न झाला. त्याचा अर्थ साधारणपणें आपल्या "मार्फत" ह्या शब्दासारखा. पण भाषेचे जाणते लोक हा प्रयोग टाळण्याचाच उपदेश करतात. त्यांचें म्हणणें असें कीं, कर्ता माहीत आहे आणि तो सांगावयाचाहि आहे, तर मग हा आडवळणाचा मार्ग कशाला? सरळ कर्तरी वाक्य करावें. मग इंग्रजींत "हें घर वडिलांकडून बांधलें गेलें" अशा धर्तीवर जें सांगतात, तें फिनिश मनुष्य कसें सांगतो? तो म्हणतो, "तालोन राकेन्सी इसॅ", म्हणजे "घर बांधलें वडिलांनीं". शब्दांची जागा बदलली कीं काम झालें! विभक्ति स्पष्ट असल्यामुळें शब्द कोठेंहि ठेवले तरी घोटाळा होत नाहीं. मराठीलाहि हें वैभव आहे. असें असतां "अध्यक्षांकडून भाषण केलें गेलें" असलीं वाक्यें आपल्या लेखनांत कां शिरावीं? "भाषण केलें अध्यक्षांनीं" ह्यांत काय उणें आहे?

आतां ह्या प्रयोगाचा सर्वांत मनोरंजक विशेष सांगतों. ह्यांत कर्ता सांगितलेला नसतो, तरी तो असतो. आणि तो मनुष्यच असतो. "मेत्सॅस्सॅ उल्वोतान" ह्याचा शब्दार्थ "रानांत केकाटणें चाललें आहे" असा. हें वाक्य ऐकून फिनिश मनुष्याच्या डोळ्यांपुढें लांडगे येणार नाहींत. कोणी तरी माणसें रानांत जाऊन लांडग्यासारखीं ओरडत आहेत, असेंच त्याला वाटेल. लांडगे ओरडत असतील तर लांडगे ओरडतात असें उघड म्हटलें पाहिजे. त्याचप्रमाणें कोणी अपघातांत दगावला, तर त्याच्याविषयीं "तापेत्तीन", म्हणजे मारलें, हें रूप वापरतां येत नाहीं. कारण त्याचा अर्थ सरळ खून असा होईल. तेथें "मेला" हेंच क्रियापद योजावें लागतें. इंग्रजींत वीज पडून गेलेल्या मनुष्यासहि "मारला गेला" म्हणतात. फिनिश कान तें सहन करणार नाहीं.

मग आपोआप घडलेल्या गोष्टी कशा सांगावयाच्या? त्यासाठीं फिनिशमध्यें निराळीं क्रियापदें आहेत. खिडकीला "इक्कुना" म्हणतात. "इक्कुना रिकोत्तीन" म्हणजे कोणी तरी खिडकी फोडली. "इक्कुना रिक्कोउतुइ" म्हणजे खिडकी फुटली. पहिल्या वाक्यांत एक मनुष्य लपलेला आहे. दुसऱ्यांत कोणीच नाहीं, वारा असेल, थंडी असेल, दैव असेल. मराठी वाचकास हें समजावून सांगण्याचें कारणच नाहीं, इतकें तें आपलें आहे. फोडणें आणि फुटणें, तोडणें आणि तुटणें, पाडणें आणि पडणें, सोडविणें आणि सुटणें, ह्या जोड्या आपण आईच्या मांडीवर शिकतों. आणि घरांत बरणी फुटल्यावर कोणतें मूल कोणतें क्रियापद वापरतें, हेंहि प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे! "बरणी फुटली" असें सांगणाऱ्या मुलास व्याकरण उत्तम येतें एवढें नक्की.

आतां ह्या रूपांचा रोजचा संसार पाहूं. फिनिश वर्तमानपत्रांतील लहान जाहिराती उघडल्या तर "म्यूदॅन" हा शब्द जागोजागीं दिसेल. त्याचा अर्थ विकलें जातें. "वुओक्रातान" म्हणजे भाड्यानें दिलें जातें. "ओस्तेतान" म्हणजे विकत घेतलें जातें. कोण विकतो, कोण घेतो, हें सांगण्याची जरूर नाहीं. आपल्याकडील "विकणें आहे", "भाड्यानें देणें आहे", "पाहिजे" ह्या मथळ्यांचे हे सख्खे भाऊच. तसेंच "सानोतान" म्हणजे सांगतात, म्हणतात. लोककथा सांगतांना, अफवा पसरवितांना आणि शास्त्राचा हवाला देतांना हें एकच रूप उपयोगीं पडतें. आपलें "म्हणतात" हेंहि तसेंच बिनकर्त्याचें.

येथें मराठीच्याच घरांतील एक जुनी ठेव दाखविल्यावांचून राहवत नाहीं. "म्हणजे" आणि "पाहिजे" हे दोन शब्द आपण दिवसांतून शेंकडों वेळां उच्चारतों; पण हीं मूळचीं कर्मणी रूपें आहेत, हें कितीजणांच्या लक्षांत असतें? "म्हणिजे", म्हणजे म्हटलें जातें, त्यापासून "म्हणजे" झालें. आणि "पाहिजे", म्हणजे पाहिलें जातें, शोधिलें जातें, त्यापासून हवें असा अर्थ निघाला. ज्ञानेश्वरींत "कीजे", "बोलिजे" अशा रूपांची रेलचेल आहे. मोरो केशव दामले ह्यांच्या १९११ सालच्या "शास्त्रीय मराठी व्याकरणा"सारख्या ग्रंथांतून प्रयोगांची जी बारीक चर्चा आली आहे, ती जिज्ञासूंनीं मुळांतून पहावी. तात्पर्य, एके काळीं मराठीजवळहि प्रत्यय लावून कर्त्याला पडद्याआड नेणारें असें रूप होतें. तें प्रयोग म्हणून मागें पडलें, आणि त्याचे दोन तुकडे आपल्या जिभेवर अव्ययासारखे राहून गेले. फिनिशमध्यें तें रूप अजून टवटवीत आहे, इतकाच भेद.

टवटवीत तर इतकें कीं, त्यानें शेजाऱ्याचें अंगण बळकावण्यास सुरुवात केली आहे. "आम्ही जातों" ह्याला शुद्ध ग्रांथिक फिनिशमध्यें "मेनेम्मे" म्हणतात. परंतु बोलतांना बहुतेक सर्व लोक "मे मेन्नॅन" म्हणतात. "मे" म्हणजे आम्ही, आणि "मेन्नॅन" हें तेंच बिनकर्त्याचें रूप. शब्दशः करावयाचें तर "आम्ही जाणें होतें" असें कांहीं तरी विचित्र होईल! पण त्यांच्या कानाला त्यांत कांहींच खटकत नाहीं. "चला, जाऊं या" असें म्हणावयाचें असलें तरी "मेन्नॅन!" एवढेंच पुरतें. ह्या अर्थाचें जुनें आज्ञार्थी रूप "मेन्कॅम्मे" असें आहे खरें. पण तें आतां प्रार्थनेंत किंवा समारंभाच्या भाषणांतच शोभतें. ज्या रूपांत कोणीच नव्हतें, त्यांत हळूहळू "आपण सर्व" येऊन बसलों, हा अर्थविकास मोठा बोधक आहे. आपल्या "आपण" ह्या शब्दाची कथाहि अशीच नाहीं का? स्वतः, तुम्ही, आम्ही-तुम्ही मिळून, आणि कोणीहि मनुष्य, इतके अर्थ तो एकटा वाहतो.

कर्ता न सांगण्यांत एक प्रकारची सभ्यताहि असते. फिनिशमध्यें "सिनॅ" म्हणजे तूं, आणि "ते" म्हणजे तुम्ही किंवा आपण. अनोळखी मनुष्यास तूं म्हणावें कीं तुम्ही, हा पेंच तेथेंहि पडतो. त्यांतून सुटण्याचा मार्ग म्हणजे हेंच रूप. आगगाडींत शेजारीं बसलेल्या गृहस्थास "मिहिन ओल्लान मात्काल्ला?" असें विचारावें. शब्दार्थ असा कीं, "कोठवर प्रवासांत असणें आहे?" तूंहि नाहीं, तुम्हीहि नाहीं! आमच्या वडील पिढीच्या वाचकांस हें वाचून हंसूं आलें असेल, कारण ह्या कलेंत मराठी घरांचा हात कोणी धरूं शकणार नाहीं. "केव्हां येणें झालें?", "कोणीकडे जाणें आहे?", "बसावें, पान घ्यावें" ही आपली पाहुण्यांशीं बोलण्याची जुनी रीत होती. आणि पतीचें नांव घ्यावयाचें नाहीं, त्याला उद्देशून सर्वनामहि वापरावयाचें नाहीं, अशा काळांत आपल्या आज्यापणज्यांनीं "इकडून सांगणें झालें होतें", "इकडे काय वाटतें?" अशा वाक्यांवर सबंध जन्माचे संसार केले. इस्पितळांतील परिचारिका रुग्णास "आतां औषध घ्यायचें हं" म्हणते, त्या प्रेमळ वाक्यांतहि कर्ता नाहीं. आणि फिनिश परिचारिकाहि त्या वेळीं हेंच बिनकर्त्याचें रूप वापरते.

ह्या रूपाची एक धाकटी बहीणहि आहे, तिचा उल्लेख थोडक्यांत करतों. तृतीय पुरुषी एकवचनी क्रियापद घ्यावयाचें आणि कर्ता मुळींच ठेवावयाचा नाहीं. "तॅस्तॅ पॅसे आसेमाल्ले" म्हणजे "येथून स्टेशनला जातां येतें". येथें कर्ता कोणीहि असूं शकतो, बोलणारा आणि ऐकणारा धरून. पहिल्या रूपांत बहुधा "लोक" असतात. ह्या दुसऱ्यांत बहुधा "आपणांपैकीं कोणीहि" असतो. स्वतःचें दुःख लोकांच्या नांवावर सांगावयाचें असलें म्हणजे फिनिश मनुष्य ह्या दुसऱ्या रचनेचा आश्रय करतो. "दमायला होतें", "कंटाळा येतो" असें आपण म्हणतों, तेव्हां "मला" हा शब्द गिळून टाकतों, त्याच जातीची ही मर्यादा.

संस्कृतज्ञ वाचकांसाठीं आणखी एक मौज. ह्याच बिनकर्त्याच्या रूपाशीं संबद्ध असें एक विशेषण फिनिशमध्यें होतें. "तेह्दॅ" म्हणजे करणें; त्यापासून "तेह्तॅवॅ", म्हणजे जें करावयाचें आहे तें, काम, कर्तव्य. "पिणें" ह्यापासून "युओतावा", म्हणजे पेय. "वाचणें" ह्यापासून "लुएत्तावा", म्हणजे वाचनीय. "पाहणें" ह्यापासून "नॅह्तॅव्यूस", म्हणजे प्रेक्षणीय स्थळ. आपले तव्य, अनीय आणि य हे प्रत्यय जणूं हिमप्रदेशांत जाऊन राहिले आहेत! "मला जावयाचें आहे" हें सांगतांना ते "मिनुन ओन मेन्तॅवॅ" म्हणतात, आणि त्यांतील "मिनुन" ह्याचा शब्दार्थ "माझें" असा आहे. "कर्तव्य" हा शब्दहि मुळांत बिनकर्त्याचाच. पण तें कोणाचें, हा प्रश्न त्याच्या पाठोपाठ यावा लागतो, हें फिनिश रचनेनें षष्ठी लावून छान दाखविलें आहे.

येथवर गुणांचें वर्णन झालें. आतां दुसरी बाजू. ज्या पडद्याआड विनय बसतो, त्याच पडद्याआड टाळाटाळहि बसूं शकते. फिनिश सरकारी कागदांत हें रूप फार बोकाळलें, आणि त्याचा त्रास सामान्य नागरिकास होऊं लागला. समजा, एखाद्या पत्रांत "लीत्तेत तोइमितेतान विरास्तोन" असें लिहिलें आहे. अर्थ : "जोडपत्रें कार्यालयाकडे पोंचविलीं जातात." कोण पोंचवितो? अर्जदारानें पोंचवावयाचीं, कीं दुसरें कार्यालय आपण होऊन धाडणार आहे? अर्जदार वाट पाहत बसला आणि मुदत टळली, तर नुकसान त्याचें. म्हणून तेथील भाषासंस्थेचे लोक अधिकाऱ्यांस वारंवार सांगत असतात कीं, काम कोणीं करावयाचें तें उघड लिहा. "तुम्ही पोंचवा" किंवा "आम्ही मागवूं" असें म्हणा. इ. स. २००३ च्या प्रशासनविषयक कायद्यानें तर सरकारी भाषा योग्य, स्पष्ट आणि समजण्यासारखी असली पाहिजे असें बंधनच घातलें. आमच्याकडील "कार्यवाही करण्यांत येत आहे", "योग्य तो निर्णय घेण्यांत येईल" हीं वाक्यें ज्यांनीं एकदां तरी हातांत धरलीं आहेत, त्यांस ह्या कायद्याचें मोल निराळें सांगावयास नको.

परंतु कचेरीवर हंसणें सोपें आहे. आपण घरांत काय करतों? एकत्र कुटुंबांत सर्वांत वजनदार क्रियापद कोणतें असेल तर तें "ठरलें" हें होय. "थोरलीचें लग्न ठरलें", "धाकट्यानें डॉक्टर व्हावयाचें ठरलें", "शेत विकावयाचें ठरलें", "तिनें नोकरी सोडावयाची असें ठरलें". पाऊस पडला, सूर्य उगवला, तसेंच तें ठरलें! जणूं कोणीं तें ठरविलेंच नाहीं. फिनिशमध्यें ह्या ठिकाणीं दोन वाटा आहेत. "आसिआ रात्केसी" म्हणजे प्रश्न सुटला, आपोआप सुटला. "आसिआ रात्काइस्तीन" म्हणजे प्रश्न सोडविला. कोणी हें सांगत नाहीं, पण कोणी तरी माणसांनीं सोडविला, हें क्रियापदच कबूल करतें. त्या भाषेचा बिनकर्त्याचा प्रयोग कर्त्याचें नांव लपवितो. पण कर्ता होता, आणि तो मनुष्य होता, हें तो कधींहि नाकारीत नाहीं. आपलें "ठरलें" मात्र तेंहि नाकारतें. ज्या मुलीचें शिक्षण अशा एका "ठरलें" ह्या शब्दानें थांबलें, तिनें दाद मागावी तरी कोणाकडे? वडील म्हणतील काकांचें मत होतें, काका म्हणतील आजोबांची इच्छा होती, आणि आजोबा म्हणतील, "छे, सर्वांचेंच तसें ठरलें." कर्ता अध्याहृत, भोक्ती मात्र समोर उभी!

ह्याचा अर्थ "इकडून येणें झालें" मधला आदर किंवा "बसावें" मधलें आतिथ्य टाकून द्यावें असा नव्हे. आदरासाठीं, लज्जेसाठीं, दुसऱ्याचें वैगुण्य झांकण्यासाठीं कर्ता वगळावा; भाषेनें ती सोय त्याचसाठीं दिली आहे. मात्र ज्या वाक्याचा भार दुसऱ्याच्या आयुष्यावर पडतो, तेथें कर्तरी प्रयोग हाच धर्म होय. घरांतील मुलांस "प्रयोग ओळखा" हा प्रश्न आपण घालतोंच. पुढच्या वेळीं चार मंडळी बसून "ठरलें" असें म्हणूं लागतील, तेव्हां एखाद्या मुलानें किंवा सुनेनें तोच प्रश्न वडील माणसांस नम्रपणें घालावा : "ठरलें कीं ठरविलें? आणि ठरविलें, तर कोणीं?" ह्या प्रश्नानें कोणाचा अपमान होत नाहीं. ज्यांनीं विचारपूर्वक ठरविलें असेल, त्यांस "मीं ठरविलें, आणि कारण असें" हें सांगण्यास संकोच वाटण्याचें कारण नाहीं. आणि ज्यांस तें सांगतां येणार नाहीं, त्यांनीं पुनः एकदां विचार करावा, एवढा व्याकरणाचा उपयोग झाला तरी पुष्कळ झाला.